आण्णांची मॅसी विकून नवा ट्रॅक्टर घ्यावा का?

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या एका गावातून पत्र आलंय. लिहिणारे ३६ वर्षांचे शेतकरी आहेत. सात एकर रान, त्यात चार एकर ऊस, दीड एकरात वर्षातून दोनदा चाऱ्याचा मका, बाकी सोयाबीन. गोठ्यात १४ जनावरं, त्यातली ९ दुभती. डेअरीला रोज ७० लिटर दूध जातं आणि लिटरमागे ३५ रुपये हातात पडतात. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, १९९४ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन १०३५ दारात उभा आहे. त्याचं कर्ज कधीच फिटलंय, पण आता धूर मारतो, हायड्रोलिक उचलत नाही, आणि मिस्त्रीनं इंजिन, क्लच, पंप, टायर मिळून १ लाख ४० हजारांचा खर्च सांगितलाय. डीलर म्हणतो, जुना १ लाख ७० हजारांत द्या, ५० एचपीचा नवा ८ लाख ६० हजारांत न्या, सोबत मका कापून कुट्टी करणारं मशीन २ लाख ६० हजारांत. त्यासाठी बायकोच्या नावची दीड लाखाची ठेव मोडायची आणि ८ लाखांचं कर्ज काढायचं, ११ टक्के व्याज, सात वर्षं, सहामाही हप्ता. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "आण्णा म्हणतात, विकायचा तर मला विचारू नका. मी भावनेत अडकतोय का, तेवढं सांगा."

नमस्कार. शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते तुमचा निर्णय तिथंच अडलाय.

आपल्या भागात जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघाला की माणसं तासभर उठत नाहीत. कुणाला एचएमटीचा झेटर २५११ आठवतो, कुणाला इंटरनॅशनल बी-२७५, कुणाला फोर्ड ३६००. मॅसी १०३५ तर अजून गावोगावी चालतोय. "कधी रानात बसला नाही", "पान्हे आणि हातोडी एवढ्यावर उभा राहायचा", असं लोक सांगतात आणि ते खरंच असतं. पण त्या आठवणीत पैशाची एक बाब दडलेली असते, ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. हप्ते संपल्यावरही तो ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं चालला. घरात पैसा शिल्लक राहिला तो त्या बिनहप्त्याच्या वर्षांत. तुमच्या आण्णांना मॅसीचं जे वाटतं, त्यात हा अनुभव आहे. त्याला भावनेत अडकणं म्हणू नका.

मात्र जुनं म्हणून सगळंच जपायचं, असंही मी म्हणत नाही. एचएमटीनं १९७१ साली झेटरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर काढले. इंजिन दणकट, पण कंपनीचा ट्रॅक्टर विभाग २०१६ साली बंद करायचा निर्णय झाला. आज तुमच्याकडे झेटर असता आणि त्यात १ लाख ४० हजार घालायचे असते, तर मी दहादा विचार करायला लावला असता, कारण सुट्या भागांसाठी भंगारवाल्याच्या दारात उभं राहावं लागतं. मॅसी १०३५ चं तसं नाही. ते मॉडेल अजून बाजारात आहे, भाग मिळतात आणि त्यावर हात बसलेले मिस्त्री निपाणी-संकेश्वर पट्ट्यात मिळतात. भाग मिळतोय तोवर जुन्या यंत्रावर पैसा घालणं हा सरळ व्यवहार आहे.

आता डीलरच्या कागदाकडे येऊ.

८ लाखांवर ११ टक्क्यांनी सात वर्षांचा सहामाही हप्ता साधारण ८३ हजार ४०० रुपये होतो. म्हणजे वर्षाला १ लाख ६७ हजार आणि सात वर्षांत ११ लाख ६८ हजार. दिवसाला पाडलं तर ४५७ रुपये. तुमच्या दरानं हे १३ लिटर दूध झालं. ७० लिटरमधलं १३ लिटर रोज, सात वर्षं, पेंड-औषधाच्या आधी बँकेला. आणि हप्त्याची तारीख ठरलेली असते. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, पण बिल अडकल्यावर काय होतं ते तुम्ही सीमाभागातले शेतकरी मला शिकवाल.

डीलरनं वर्षाला ६०० तासांच्या भाड्याचा तक्ता दिलाय, तासाला ९०० रुपये. त्यातनं पाच लिटर डिझेल म्हणजे साधारण ४५० रुपये काढा. ड्रायव्हरचे १०० आणि ऑइल, टायर, रोटाव्हेटरची पाती यांचे ७० धरा. हातात राहिले २८०. सहाशे तासांचे होतात १ लाख ६८ हजार. म्हणजे अगदी त्याच्याच तक्त्याप्रमाणे सगळं जुळलं, एकही तास रिकामा गेला नाही, एकाही गिऱ्हाइकानं उधारी ठेवली नाही, तरी मिळतो तो फक्त हप्ता. तुम्हीच लिहिलंय की गावात ४० ट्रॅक्टर आहेत. मग हे सहाशे तास कुणाच्या रानात चालणार, त्यांची नावं लिहून काढा. यादी दहा नावांच्या पुढं गेली नाही तर तो तक्ता बाजूला ठेवा. शिवाय असं भाड्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त धरलं जात नाही आणि शेतीकामासाठी काढलेला विमा भाड्याच्या कामावर झालेल्या अपघाताला लागू पडेलच असं नाही. विमा कंपनीकडून हे लेखी घ्यावं लागतं.

मका कापणीच्या मशीनवर मी जास्त वेळ घालवला, कारण पत्र वाचताना जाणवलं की तुमचा खरा त्रास ट्रॅक्टरचा नाहीच. तुम्ही लिहिता, मे-जूनमध्ये दूध पडतं, कडबा विकत आणावा लागतो. हा चाऱ्याचा प्रश्न आहे.

एका ओळीचं मशीन ताशी तीन किलोमीटरनं चाललं आणि ओळीतलं अंतर दोन फूट असलं, तर तासाला १,८०० चौरस मीटरच्या आसपास उरकतं. वळणं आणि ट्रॉली बदलणं धरलं की एकराला तीन तास. तुमच्या दोन्ही हंगामांचा मका तीन एकर, म्हणजे वर्षाला नऊ तास. पण त्यातही पावसाळी मका सप्टेंबरात कापायला येतो, तेव्हा वेदगंगेकाठच्या काळ्या रानात एवढं वजन घालणं म्हणजे ट्रॅक्टर रुतवणं. तो मका रोज विळ्यानं कापून हिरवा घालायचा. मशीनचं खरं काम उरतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलेल्या दीड एकराचं, जेमतेम पाच तास. पाच तासांसाठी २ लाख ६० हजार. भाड्यानं देऊ म्हणाल, तर शेजारी सगळे उसवाले. कारखाना सुरू झाला की त्यांच्या दारात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, येऊन पडतं. त्या काळात मुरघासाकडे, म्हणजे हवाबंद दाबून मुरवलेल्या चाऱ्याकडे, त्यांचं लक्ष जात नाही.

तुम्हीच लिहिलंय की शिरोळकडचा मशीनवाला स्वतःच्या ट्रॅक्टरसह येऊन तासाला २,५०० घेतो. पाच तासांचे साडेबारा हजार. बोलवा त्याला. मात्र महिनाभर आधी तारीख घ्या आणि होबळीतल्या, म्हणजे आपल्या महसुली मंडळातल्या, अवजारं भाड्यानं देणाऱ्या कृषी यंत्रधारे केंद्रातही चौकशी करून ठेवा, कारण मका कुणासाठी थांबत नाही. दाण्यातली दुधाची रेघ अर्ध्यावर आली, कोरडा भाग ३० ते ३५ टक्के झाला, की कापायला हवा. पंधरा दिवस उशीर झाला तर ताट वाळतं, दाबलं जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते.

तुमच्या गोठ्याचं गणित असं. दुभत्यांना रोज १८ किलो मुरघास, बाकी पाचांना सहा-सहा किलो. दिवसाला १९० किलोच्या आसपास. मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत २० टन लागतात. नासधूस धरून २४ टन हिरवा मका. एकरी १६ टन पडला तर दीड एकरात भागतं. त्याला ३० फूट लांब, १० फूट रुंद, ५ फूट उंच असा बांधीव हौद पुरतो. आणि हौद भरताना थरावर थर दाबायला काय लागतं? पावणेदोन टनांच्या आसपास वजनाचा, सावकाश पुढंमागं फिरणारा ट्रॅक्टर. ते काम आण्णांच्या मॅसीइतकं कोण करणार! कापणीच्या मशीनला तिची ताकद कमी पडेल. इंजिनच ३६ एचपीच्या आसपासचं, पीटीओवर, म्हणजे यंत्रं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, त्याहूनही कमी मिळतं. पण ट्रॉली ओढणं, हौद दाबणं, पीटीओवर कुट्टी मशीन फिरवणं, एवढ्याला ती भरपूर आहे.

कुट्टी मशीनवरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढं तिथंच कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवले. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती नंतर, १९१० साली. म्हणजे चारा बारीक करायचं यंत्र आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीपासून आहे, आणि १४ जनावरांच्या गोठ्याला आजही त्याच मापाचं यंत्र बसतं. तुमचं जुनं मोटरवरचं मशीन रोजच्या चाऱ्याला ठेवा. मोठं पीटीओवरचं घ्यायचं झालं तर कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात अनुदानाची चौकशी करा आणि मंजुरी हातात येईपर्यंत पैसे भरू नका.

तर माझा सल्ला सरळ आहे. मॅसी विकू नका, ठेव मोडू नका, कर्ज काढू नका. १ लाख ४० हजार सात वर्षांत वाटले तर वर्षाला २० हजार. तुम्ही सांगितलेला नेहमीचा खर्च २५ हजार. कापणीचे साडेबारा. वर्षाला ५७ हजार ५००. हप्त्यापेक्षा १ लाख ९ हजार कमी, आणि नव्या ट्रॅक्टरचाही विमा-सर्व्हिसिंग आहेच, ते मी धरलेलंही नाही.

फक्त १ लाख ४० हजार एकदम घालू नका. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. धूर नुसत्या नोझलमुळेही येतो. इंजिन, क्लच आणि पंप यंदाच्या उसाच्या बिलातून, टायर पुढच्या वर्षी. त्याआधी एका संध्याकाळी आण्णांजवळ बसा आणि गेल्या पाच वर्षांत काय काय बदललं, किती खर्च आला, ते वहीत उतरवून घ्या. कुठला आवाज कशाचा, हे त्यांना माहीत आहे, आणि ते कुठल्याही सर्व्हिस बुकात सापडणार नाही. वहीत वर्षाचा खर्च ६० हजारांच्या वर निघाला, किंवा मिस्त्री म्हणाला की ब्लॉकच गेलाय, तर मला पुन्हा लिहा. मग माझं उत्तर बदलेल.

दर महिन्याला दुधाच्या बिलातून पाच हजार ट्रॅक्टरच्या नावानं आवर्ती ठेवीत टाका. सात वर्षांत व्याज सोडून ४ लाख २० हजार होतात. ही ठेव बँकेत करा. पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते, पण तिथल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. बँकेत ते ५ लाखांपर्यंत असतं.

नवा ट्रॅक्टर कधीच नको, असं नाही. दुभती पंचवीसच्या पुढं गेली, किंवा तीन-चार दूधवाले शेजारी लेखी करार करून चाऱ्याचं मशीन सामाईक घ्यायला तयार झाले, तर गणित फिरतं. तेव्हा ११ टक्क्यांच्या कर्जाआधी पीकेपीएस (गावची सेवा सोसायटी) किंवा पीएलडी बँकेत (भूविकास बँक) विचारा. वेळेवर फेडणाऱ्याला मध्यम आणि दीर्घ मुदतीचं शेतीकर्ज ३ टक्क्यांनी देण्याची राज्याची योजना आहे, आणि २०२३ साली तिची मर्यादा १५ लाख केली गेली. त्या दरानं हाच हप्ता ६३ हजार ८०० च्या आसपास येतो. पण आरटीसीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, बोजा चढतो, हे लक्षात असू द्या. डीलर जीएसटीची घाई करतोय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे खरं. पण ती कुठल्या सणाची सूट नव्हे, दरच बदललाय. आज नाही घेतला तर उद्या महागेल, असं त्यात काही नाही.

गडहिंग्लजच्या एमएच-०९ पासिंगच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. माझं मत, घेऊ नका. तिथल्या आरटीओची एनओसी, जुन्या बँकेचा बोजा उतरवल्याचा कागद, मग इथं नव्यानं नोंदणी आणि कर, हे सगळं न करता लोक चालवतात, आणि अपघात झाला की घर बसतं. तुमच्या मॅसीचेही कागद बघा. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९४ च्या हिशेबानं २०२४ मध्ये ते व्हायला हवं होतं. राहिलं असेल तर इंजिन खोलण्याआधी चिकोडीच्या आरटीओत जाऊन या, विमाही त्यावरच अडतो.

हौद गोठ्याच्या मागं नदीच्या अंगाला बांधायचा विचार लिहिलाय, तो सोडा. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, तुमचं रान तर नदीला त्याहून जवळ. रस्त्याच्या बाजूच्या उंचवट्यावर, जमिनीच्या वर भिंती घेऊन बांधा, आणि ट्रॅक्टर आत घालून बाहेर काढता येईल असा उतार एका टोकाला ठेवा.