पाच वर्षं पीएचडी, आणि मग?

“मॅडम, इंजिनिअर झाली, आता आणखी पाच वर्षं शिकणार म्हणते. तेही फॅशनचं. मग नोकरी कधी, लग्न कधी?”

पुढच्या शिक्षणाचा सल्ला घ्यायला मुलीला घेऊन माझ्याकडे आलेल्या वडिलांनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. इचलकरंजीत त्यांचे आठ यंत्रमाग, खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, विणायचं यांनी आणि मजुरी घ्यायची. मुलगी टेक्सटाइलची बी.टेक. तिला सस्टेनेबल फॅशनमध्ये, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या कपड्यांवर, संशोधन करून पुढे शिकवायचं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी मुलीला विचारलं, “नेमकं कशावर काम करायचंय?” ती म्हणाली, “सस्टेनेबल फॅशनवरच.” पुन्हा विचारलं, तर गप्प झाली. पुष्कळ मुलं इथेच अडतात. शब्द मोठा मिळालेला असतो, प्रश्न मिळालेला नसतो. आणि घरच्यांना समजावताना तो शब्द कामाला येत नाही. मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यात असं काही घेऊन ये, जे या टेबलावर ठेवता येईल.

तिने कापडाचे दोन तुकडे आणले. एक मागावरून उतरलेलं कोरं कापड, कडक, कागदासारखं वाजणारं. दुसरं तेच, पण खळ (विणताना उभा धागा तुटू नये म्हणून त्याला सायझिंगमध्ये देतात तो लेप) धुऊन काढलेलं, मऊ. मी काही बोलायच्या आत वडिलांनी कोरा तुकडा उचलला, अंगठा आणि तर्जनीत चोळला, उजेडाकडे धरला. “ह्याला खळ जास्त बसलीय. सायझिंगवाल्यानं हात सैल सोडलाय.”

मुलगी म्हणाली, “पप्पा, ही सगळी खळ पुढे धुलाई-रंगाईच्या प्रोसेसला धुऊन निघते. सुती कापडाच्या सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचा मोठा वाटा हाच असतो.”

“आणि कमी घातली तर उभा धागा तुटतो. माग बंद. मजुरी कोण देणार?”

“मला त्यावरच काम करायचंय.”

त्या क्षणी तिला स्वतःचा प्रश्न सापडला, तोही वडिलांच्या तोंडून. मग ती अर्धा तास थांबलीच नाही. पीव्हीए नावाची खळ धुतल्यावर पाण्यातून गाळून परत वापरता येते. पण ते जमतं ते सायझिंग, विणकाम आणि धुलाई एकाच छपराखाली असलेल्या मिलमध्ये. आपल्याकडे सायझिंग एकाचं, माग दुसऱ्याचा, प्रोसेस तिसऱ्याची. गाळलेली खळ परत न्यायची कुणाकडे, आणि खर्च कुणाच्या माथी? वडील मध्येमध्ये तिला दुरुस्त करत होते. मी फक्त ऐकत होते. मागावर वाढलेल्या मुलीचं घरचं ज्ञान हे तिचं भांडवल आहे, असं माझं ठाम मत तेव्हापासून झालं आहे.

आता व्यवहाराचं. ‘हे फॅड आहे, चार वर्षांत उतरेल’ अशी भीती वडिलांना होती. मी त्यांना तमिळनाडूतल्या तिरुपूरची आठवण करून दिली. 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाई युनिटं बंद झाली होती, आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची अट पाळल्याशिवाय त्यांना पुढे जाता येईना. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं बंधनकारक आहे. माल घेणारे देश असे नियम करतात तेव्हा उत्तरं शोधणारी माणसं लागतातच.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि नंतर 42,000 रुपये फेलोशिप असते. वडिलांनी हा आकडा दोनदा विचारला. शिकणाऱ्याला पैसे मिळतात हेच कित्येक घरांत माहीत नसतं.

वाटा दोन. इंजिनिअरिंगकडून येणाऱ्यांसाठी गेट या प्रवेश परीक्षेत टेक्सटाइलचा स्वतंत्र पेपर आहे. त्यातून आयआयटी दिल्ली, मुंबईची आयसीटी किंवा व्हीजेटीआय. गृहविज्ञानाकडून येणाऱ्यांना नेट या पात्रता परीक्षेत वस्त्रशास्त्र गृहविज्ञान या विषयातच मिळतं. ‘फॅशन’ शब्द पाहून डिझाइनच्या विभागात अर्ज करायचा आणि मग रसायनाचा प्रश्न घेऊन तिथे बसायचं, ही चूक मी पाहिली आहे. गाइडचे गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध वाचा आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. संस्थेच्या नावापेक्षा मी याला जास्त वजन देते.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगितली नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या निघतात आणि भरायला वेळ लागतो. फक्त त्याच एका खुर्चीवर डोळा ठेवून पीएचडी करू नये. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सिरकॉट, 1924 पासून काम करते आहे. मुंबईची बिट्रा, अहमदाबादची अटिरा, कोइमतूरची सिट्रा या वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्था आहेत. चाचणी प्रयोगशाळा आणि निर्यातदारांचे गुणवत्ता विभागही आहेत. मुलीने ही नावं वहीत लिहून घेतली. लग्नाचा विषय तिने स्वतः काढला. “गेटचा निकाल लागेपर्यंत स्थळं बघू नका, एवढंच मागते,” म्हणाली. वडिलांनी मान हलवली, फार खुशीने नव्हे.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. “मॅडम, तिला सायझिंगवाल्याकडं घेऊन गेलतो. खळ शिजवताना बघायची म्हणाली. रात्रपाळीला चालते म्हणून रात्री नेली. पहाटेपर्यंत लिहीत बसली होती पोरगी.”