उघडी कात्री

नाशिक, कोजागरी पौर्णिमा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दिंडोरीला भावाच्या द्राक्षबागेत होतो. छाटणी चालू होती. पीएचडीला तू क्लिप-पी हे जिवाणूतलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर (एन्झाइम), घेतलंस हे वाचून इतका आनंद झाला, की बांधावरच बसून पत्र पुन्हा वाचलं.

बहुतेक प्रतिजैविकं जिवाणूचं काहीतरी बंद पाडतात. पेनिसिलिन भिंत बांधू देत नाही, रिफाम्पिसिन आरएनए तयार होऊ देत नाही. तुला उलट, क्लिप-पी चालू करायचं आहे. क्लिप-पी हे सात-सात तुकड्यांच्या दोन कड्यांचं पिंप. पाती आत, तोंड अरुंद. तोंडावर क्लिप-एक्ससारखे राखणदार. कोणतं प्रथिन उलगडून आत सोडायचं ते तेच ठरवतात, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून. बागेतला जाणता माणूस काडीवरचे डोळे मोजून मगच कात्री लावतो, तसं. ॲसिलडेप्सिपेप्टाइड, म्हणजे एडेप, हे प्रतिजैविक नेमकं त्या राखणदाराची जागा बळकावतं. तोंड उघडं पडतं आणि रायबोसोमवरून, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावरून, नुकतं बाहेर येणारं कोवळं प्रथिनही कापलं जातं. पेशी विभागायला लागणारं एफटीएसझेड हे प्रथिनसुद्धा सुटत नाही. ही उलटी चाल 2005 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उलगडली.

आता या कापण्याला एटीपी लागत नाही, हे वहीत अधोरेखित करून ठेव. झोपी गेलेल्या जिवाणूत बंद पाडण्यासारखं फारसं काही चालूच नसतं, म्हणून नेहमीची औषधं त्याच्यापुढे हात टेकतात. उघडी कात्री मात्र झोपलेल्यालाही कापते. 2013 मध्ये स्टॅफिलोकोकस या जिवाणूचा खोल संसर्ग झालेल्या उंदरांत एडेप-4 आणि रिफाम्पिसिन यांच्या जोडीने तो समूळ गेला. मी तो लेख आजही विद्यार्थ्यांना वाचायला लावतो.

पण जोडी का लागली, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. स्टॅफिलोकोकसला क्लिप-पीवाचून जगता येतं. साधारण दहा लाखांतल्या एका पेशीत क्लिप-पीचं जनुकच बिघडलेलं असतं आणि तुझ्या औषधातून तीच वाचते. कात्रीच नाही, तर उघडणार काय? बरं, अशी पेशी अशक्त असते आणि रिफाम्पिसिनला लवकर बळी पडते, म्हणून ती जोडी. तेव्हा नवा रेणू हाती आला की तो किती मारतो हे बघण्याआधी किती वाचतात ते मोज. क्षयाच्या जिवाणूचा विचारही मनात ठेव. त्याला क्लिप-पी टाकून देता येत नाही. त्याच्याकडे दोन प्रकारची आहेत आणि दोन्ही जगायला लागतात. तिथे मात्र एडेप मारतं ते मुख्यतः राखणदाराची वाट अडवून, म्हणजे तिथली रचना तुला वेगळी शोधावी लागेल.

आणि आपल्या मायटोकाँड्रियातही क्लिप-पी असतं, हे विसरू नकोस. ते चालू करणारं डोर्डाव्हिप्रोन अमेरिकेत 2025 मध्ये मेंदूच्या एका गाठीवर मंजूर झालं. कर्करोगाच्या पेशीत जे औषध, तेच प्रतिजैविकात विष ठरू शकतं. मानवी प्रथिन पहिल्या आठवड्यापासून चाचणीत घे, शेवटच्या वर्षी नव्हे.

तरुणपणी मी कापलं की चमकणाऱ्या केसीनवर, म्हणजे दुधातल्या प्रथिनावर, एक रेणू तपासत होतो. चमक वाढली, मी हुरळलो, आणि दोन महिने त्यामागे धावलो. तो रेणू स्वतःच चमकत होता. विकर न घालता एक नळी ठेवली असती तर पहिल्याच दुपारी कळलं असतं. ती नळी तू दर वेळी ठेव आणि प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती स्वतः मोज.

दिवाळीला घरी येशील तेव्हा वही घेऊन ये. पहिल्या प्लेट्स फसलेल्या असल्या तरी चालतील, त्या मला आधी बघायच्या आहेत.

तुझे सर