तो रात्रभर व्हिडिओ ‘छोटे’ करत बसतो, कोर्स लावू का?

ताई, नमस्कार. मुलगा इथेच इंदुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या सेकंड इयरला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काळ्या स्क्रीनवर कमांड टाकून व्हिडिओ ‘छोटे’, म्हणजे त्यांच्या फाइल हलक्या, करत बसतो, सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये कसाबसा काठावर पास झालाय, आणि मावसभावासारखा डेटा सायन्सचा महागडा कोर्स लावून द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, आत्ता तो कोर्स नको. त्याला ओरडूही नका. पण तो काठावरचा विषय मात्र मनावर घ्या, कारण त्याचं वेड आणि तो विषय एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

बघा, फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला जवळपास दीड गिगाबिट, म्हणजेच दीड हजार मेगाबिट. आणि घरी आपण तेच चित्र सेकंदाला साधारण ५ मेगाबिटमध्ये बघतो! मधलं सगळं गेलं कुठं, हा त्याचा विषय.

एक करा. राजवाड्यासमोरच्या रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलवर असेलच, त्यातलं एक मिनिट घ्या, आणि तुम्ही ओट्याशी पोळ्या लाटताना मोबाइल डब्याला टेकवून एक मिनिट शूट करू द्या. दोन्हींच्या फ्रेमचे ठिपके सारखेच, एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच क्वालिटीला. पोळ्यांची फाइल बारकी होईल, गेरची कितीतरी जड. का? ओटा, भिंत, डबे हलत नाहीत, ते आधीच्या फ्रेममधून उचलता येतं, नवं सांगायचं ते फक्त तुमचे हात आणि लाटणं, पण गेरमध्ये गुलालाचा कण न कण दर फ्रेमला नव्या जागी, मागचं फारसं काही कामी येतच नाही. हे त्याने तुम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं तर समजा की पोराला नुसता नाद नाहीये, डोकंही चालतंय.

उरलेला फरक लहान चौकोनांत कापून फ्रिक्वेन्सीत, म्हणजे चित्र कुठे सावकाश आणि कुठे झपाट्याने बदलतं त्या मापात, बदलतात, त्याला डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म) म्हणतात. बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी ही कल्पना १९७२ मध्ये मांडली तेव्हा अमेरिकेत त्यांना निधीसुद्धा मिळाला नव्हता, १९७४ मध्ये नटराजन आणि राव यांच्यासोबत पेपर आला, आणि आज जेपेग फोटोपासून व्हिडिओपर्यंत तेच गणित चालतं. ते कळायला फूरिये, म्हणजे सिग्नल फ्रिक्वेन्सींत मोडून बघायचं गणित, पक्कं लागतं, आणि फूरिये तो शिकला त्याच काठावरच्या पेपरात. सेमिस्टर संपलं म्हणून ते पुस्तक विकू देऊ नका.

नेटवर्कचा पेपरही सोडायचा नाही. २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एकावेळी ५.९ कोटी लोक होते, तिथे व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे वेगवेगळ्या क्वालिटीत तयार असतात आणि नेट मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलका मागवतो, ते नीट जमलं नाही की स्क्रीनवर चक्र गोल फिरत बसतं.

नोकरीचं खरं सांगते, इंदुरात या कामाच्या जागा कमी, बंगळूर, हैदराबाद, पुण्याकडे जावं लागेल, तिथे चिप कंपन्या, ओटीटी, व्हिडिओ कॉलिंगवाले आहेत, आणि सी++ येत नसेल तर अवघड जाईल. पुढे एमटेक करायचं तर गेट या प्रवेश परीक्षेची तयारी थर्ड इयरपासून धरू दे. कोर्सची फी तोवर बँकेतच असू द्या, आणि त्या दोन फाइल्स तयार झाल्या की कोणती किती एमबीची झाली ते मला नक्की कळवायला सांगा त्याला.