200 फोटो असूनही कोलमॅपमध्ये दीपस्तंभाच्या तीनच बाजू का येतात?

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याकडच्या एका देवळासमोरचा अष्टकोनी दीपस्तंभ नव्यानं रंगवला, जोत्याला टाइल्स बसवल्या. जुनं रूप थ्रीडीत जपायचं म्हणून लोकांकडून जात्रेचे 200 फोटो जमवले, पण कोलमॅपनं (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) आठाऐवजी तीनच बाजूंचा खांब उभा केला. आणखी फोटो मागवू का?

नको. फोटो कमी पडलेले नाहीत, फोटोंच्या आपसातल्या चुकीच्या जुळण्या जास्त झाल्यात. आठही बाजूंना तीच कमान, तोच पणतीचा कोनाडा. त्यामुळे पूर्वेचा आणि पश्चिमेचा फोटो सॉफ्टवेअरला एकाच बाजूचे वाटतात. भूमितीची चाचणीसुद्धा ते पास होतात, कारण बाजू खरोखरच सारख्या आहेत. मग त्या घडी घातल्यासारख्या एकमेकींवर बसतात. खात्री करायची तर मॉडेल वरून बघा. कॅमेऱ्यांची चिन्हं खांबाभोवती कडं करून असायला हवीत. तुमच्याकडे ती बहुधा एकीकडेच पंख्यासारखी दाटली असतील. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभालाही हा धोका आहे. तांबडी सुर्लाच्या देवळाच्या उघड्या बेसाल्टाला तो कमी, कारण तिथं दगडादगडाचे डाग वेगळे. रंगाचा हात फिरला की हे वेगळेपण जातं.

बाजू ओळखू येते ती मागं काय दिसतं त्यावरून. म्हणून आधी आजचे नवे फोटो काढा, मॉडेलचा सांगाडा त्यांच्यावरच उभा करा. ढगाळ दिवशी दर 10 अंशांवर एक, म्हणजे एका फेरीत 36. दोन फेऱ्या, एक छातीच्या उंचीवरून, एक हात वर करून. फ्रेमचा निम्मा भाग खांब, उरलेल्यात देऊळ, तुळशीवृंदावन, समोरची घरं. माडांवर विसंबू नका, झावळ्या हलतात. एका जागी उभं राहून फोन फिरवायचा नाही. पाय हलले नाहीत तर वस्तू किती लांब आहे (डेप्थ) ते कळत नाही. झूम न करता मुख्य लेन्स ठेवा, काही फोन मध्येच अल्ट्रावाइडवर उडी मारतात.

जुने फोटो व्हॉट्सअॅपवर पुन्हा मागवा, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून. नेहमीसारखे पाठवले की ते आकसतात आणि लेन्सची माहिती गळून पडते. मग कोलमॅप फोकल लेंथ म्हणून लांब बाजूच्या 1.2 पट असा अंदाज धरतो. पणत्या पेटवलेले रात्रीचे फोटो सरळ बाजूला काढा, दिवसाच्या फोटोंशी ते जुळणार नाहीत. फोटो वेगवेगळ्या फोनचे असल्यानं ‘सगळ्यांना एकच कॅमेरा’ हा पर्याय बंद ठेवा.

आता खरं काम. 200 जुने आणि 72 नवे मिळून सगळ्या जोड्या तपासायला लावल्या तर 36,856 होतात, आणि घोळ नेमका त्यांत आहे. त्याऐवजी जोड्यांची यादी स्वतः लिहा: साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत दोन फाइलींची नावं. मॅचिंगच्या कस्टम टॅबमध्ये ती द्या. नवा फोटो फेरीतल्या शेजारच्या चार-पाच फोटोंशी, जुना फोटो त्याच बाजूच्या आणि लगतच्या बाजूंच्या नव्या फोटोंशी जोडा. समोरासमोरच्या बाजू कधीच नाहीत. जुन्या फोटोची बाजू पार्श्वभूमीवरून डोळ्यांनीच ठरवावी लागेल. एक दुपार जाते, पण दुसरा भरवशाचा मार्ग मला माहीत नाही. ज्यात नुसता खांबच दिसतो असे क्लोजअप पहिल्या खेपेला घेऊच नका. मॉडेल ज्या दोन फोटोंपासून सुरू होतं ती आरंभाची जोडी नव्या फोटोंतली निवडा, दोघांमध्ये 20 अंशांचं अंतर ठेवून.

कडं नीट जुळलं की कोलमॅपच्याच इमेज डिलीटरनं नवे फोटो मॉडेलमधून काढा आणि मगच डेन्सकडे, म्हणजे दाट बिंदूंचं मॉडेल बनवण्याच्या टप्प्याकडे जा (त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं). नाहीतर नवा रंग आणि जुना रंग मिसळून चट्टेपट्टे उठतील. जात्रेतली माणसं काळ्या मास्कनं (तेवढा भाग काळा केलेलं वेगळं चित्र) झाका. मास्कचं नाव म्हणजे मूळ फाइलीचं पूर्ण नाव आणि त्याच्या शेवटी ‘.png’. फ्युजनमध्ये, म्हणजे सगळ्या फोटोंतले बिंदू एकत्र करताना, एखादा बिंदू टिकायला मूळ सेटिंगला 5 पिक्सेलांची साथ लागते. जुने फोटो जिथं विरळ आहेत तिथं ती 3 वर आणा. थोडा कचरा येईल, तो हातानं पुसता येतो. गॉसियन स्प्लॅटिंग या फोटोंवरून थ्रीडी दृश्य बनवायच्या दुसऱ्या पद्धतीनं हे सगळं टळेल असं कोणी सांगेल, पण त्यालाही आधी कॅमेऱ्यांच्या जागा बरोबर लागतात.

मॉडेलला माप आपोआप येत नाही, टेपनं मोजलेलं एक तरी अंतर द्यावं लागतं. ते जोत्याचं घेऊ नका, टाइल्समुळे ते वाढलंय. तुळशीवृंदावन जुनंच असेल तर त्याची एक बाजू मोजा.