वडिलांना काचबिंदू आहे. आयुष्यभर थेंब टाकण्यापेक्षा एकदाच लेझर करून मोकळं होता येईल का?

आधी तो ‘मोकळं’ शब्द पुसून टाका. काचबिंदूतून मोकळं कोणी होत नाही. थेंब टाका, लेझर करा, ऑपरेशन करा, डोळ्यातला दाब मोजायला जन्मभर यावंच लागतं. डोळ्याच्या नसेचं जेवढं गेलंय ते कशानेच परत येत नाही. उरलंय ते राखायचं.

बाकी प्रश्न रास्त आहे. तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे, पेठजवळच्या गावात राहतात, नाशिकला दाब २६ आणि २४ निघाला, रात्रीचा एक थेंब सुरू झालाय आणि शेजारीपाजारी ‘मुंबईला न्या’ म्हणतायत. थेंब की लेझर यावरून आमच्या ओपीडीत माझं बऱ्याचदा वाजलंय, त्यामुळे उत्तर लांबणार. मी डॉक्टर नाही. दाब, फील्ड (नजर चहूबाजूंना किती पोचते त्याची तपासणी) आणि नसेचा स्कॅन काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट आहे.

फाइल उघडा आणि ‘गोनिओस्कोपी’ हा शब्द शोधा. डोळ्यावर आरशांची छोटी लेन्स टेकवून आतलं पाणी जिथून निचरतं तो कोन बघतात, ती तपासणी. ती झालीच नसेल तर लेझरचं बोलणं पुढे नेऊ नका, कारण ‘लेझर’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. कोन अरुंद किंवा बंद असेल तर डोळ्यातल्या रंगीत पडद्याला काठाजवळ बारीक भोक पाडतात, ते पीआय. कोन उघडा असेल तर निचऱ्याच्या जाळीवर सौम्य मारा करतात, ते एसएलटी. तिसरं म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्समागे जाळं धरतं ते फोडणं, ज्याचा काचबिंदूशी काही संबंध नाही. ‘माझं लेझर झालंय’ म्हणणाऱ्याला कोणतं ते विचारलं की तो आपल्या तोंडाकडे बघत बसतो. त्याची चूक नाही, कागदावर कुणी लिहून दिलेलं नसतं.

बंद कोनाचा काचबिंदू आपल्या लोकांत युरोपपेक्षा जास्त दिसतो. त्यात एसएलटीचा उपयोग नाही. जाळीच दिसत नाही तर मारणार कुठे? तिथे पीआय करतात. पन्नाशीपुढचा माणूस असेल आणि दाब बराच चढलेला असेल, तर सरळ डोळ्यातलं भिंग काढून नवी लेन्स बसवणं पीआयपेक्षा सरस ठरलं, मोतीबिंदू पिकलेला नसतानाही. २०१६ची ईगल चाचणी त्याचीच.

समजा वडिलांचा कोन उघडा आहे. मग माझं मत असं, की एसएलटी आधी आणि थेंब नंतर. ‘थेंबांनी भागलं नाही तर बघू’ म्हणून लेझर शेवटी ठेवायची पद्धत जुनी झाली.

लाइट नावाची चाचणी लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयाच्या पुढाकाराने झाली, निकाल २०१९मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधी कसलाच उपचार न झालेले ७१८ रुग्ण, निम्म्यांना सुरुवातीलाच एसएलटी, निम्म्यांना थेंब. तीन वर्षांनी लेझरवाल्यांपैकी ७४ टक्क्यांचा दाब एकही थेंब न टाकता ठरवलेल्या मर्यादेत होता. सहा वर्षांनीही हा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास राहिला. तोवर ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे दाबाचं मोठं ऑपरेशन, लेझरच्या गटात १३ डोळ्यांना लागलं आणि थेंबांच्या गटात ३२.

हे सांगितलं की लगेच ऐकायला मिळतं, ‘ते इंग्लंड झालं राव, इथे पेठ-सुरगाण्याचं बोला.’ मग पेठ-सुरगाण्याचंच बोलू. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी नावाचं शहर आहे, तिथल्या रुग्णालयात अर्ध्या रुग्णांना दाब उतरवणारे टिमोलॉलचे थेंब आणि अर्ध्यांना एसएलटी दिली. बरेचसे आजार पुढे गेल्यावर आलेले. २०२१मध्ये छापलेला निकाल असा, की वर्षाअखेर टिमोलॉलवर ३१ टक्के डोळे काबूत आणि लेझरवर ६१ टक्के. काही डोळ्यांत लेझर दुसऱ्यांदा करावं लागलं हे खरं. पण इंग्लंडपेक्षा हा आकडा मला आपल्या जास्त जवळचा वाटतो.

थेंब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लॅटानोप्रोस्ट या दाबाच्या थेंबाने फील्ड वाचतं हे २०१५च्या यूकेजीटीएस चाचणीत दिसलं: दोन वर्षांत खोटे, म्हणजे औषध नसलेले, थेंब टाकणाऱ्यांतल्या सुमारे २६ टक्क्यांचं फील्ड ढासळलं, खरे टाकणाऱ्यांतल्या १५ टक्क्यांचं. फक्त ते थेंब डोळ्यात पडायला हवेत.

दिंडोरीकडचे एक द्राक्षवाले काका होते. दोन महिने थेंब चालू, दाब २४ वरून हलायला तयार नाही, आणि केसपेपरवर दुसरं औषध लिहायची वेळ आली होती. बाटली किती दिवस पुरते विचारलं तर म्हणाले, पहिली बारा दिवसांत संपली. इथेच हिशेब कळतो. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांत रोज एकेक म्हणजे महिन्याला ६०, तेव्हा बाटली महिनाभर आरामात पुरून थोडी उरायला हवी. बारा दिवसांत संपली तर औषध गालावर चाललंय. तीन महिने पुरली तर खाडे होतायत, आणि शिवाय उघडून चार-सहा आठवडे झाल्यावर ती फेकायलाच हवी होती.

‘काका, आत्ता इथेच टाकून दाखवा,’ म्हटलं. त्यांनी उभ्यानेच मान मागे केली, बाटली वीतभर वरून धरली आणि दाबली. दोन थेंब गालावर, एक पापणीवर, चौथा डोळ्यात. लगेच डोळा मिचकावला आणि रुमालाने कोरडा केला. बारा दिवसांचा उलगडा झाला. पुढचं त्यांनी आपणहून सांगितलं: इतक्या लवकर बाटली घेणं परवडेना, म्हणून दुसऱ्या बाटलीपासून दिवसाआड टाकायला लागले. केसपेपरवर मात्र ‘थेंब नियमित चालू’. वर ती बाटली देव्हाऱ्यात, समईशेजारी. का, तर दिवा लावताना आठवण राहते. आठवणीची युक्ती उत्तम, जागा वाईट. न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे घरातही तेवढं थंड नसतं, समईजवळ तर विचारू नका. काही कंपन्यांची बाटली फ्रिजशिवाय चालते, वेष्टनावर लिहिलेलं वाचा.

त्यांना शिकवलं ते वडिलांनाही शिकवा. हात धुवा आणि पलंगावर आडवं व्हा, उभ्याने नको. खालची पापणी बोटाने ओढून खळगा करा. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा म्हणजे हात थरथरत नाही. बाटलीचं तोंड डोळ्याला न लावता एकच थेंब. डोळ्यात थेंबभरापेक्षा जास्त औषध मावतच नाही, दुसरा टाकला तर तो बाहेर जातो. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून ठेवा, नाहीतर औषध नाकातून घशात उतरतं. मिचकावायचं नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, लागोपाठ टाकलं तर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. नेम बसतच नसेल तर आडवं पडून डोळा मिटायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि डोळा उघडायचा, आपोआप आत जातो.

सहा आठवड्यांनी काकांचा दाब १७ होता. तेच औषध, तीच मात्रा.

आता आमचा वाद. इथले एक ज्येष्ठ डॉक्टर, आता निवृत्त झालेत, नेहमी म्हणायचे की खेड्यातल्या पेशंटला थेंबच द्यावेत. बाटली संपली की तो परत तरी येतो, लेझर केलेला माणूस ‘बरा झालो’ म्हणून गायब होतो. ऐकायला पटतं. पण बाटली संपली की माणूस ओपीडीत येत नाही, मेडिकलवर जातो. मेडिकलवाला रिकामं खोकं बघून नवी बाटली देतो. दोन-दोन वर्षं एकाच चिठ्ठीवर चाललेले लोक मी बघतो, दाब एकदाही मोजलेला नाही आणि थेंब दिवसाआड. गायब तोही असतो, फक्त खिशात बाटली असते म्हणून आपल्याला दिसत नाही. पेठहून नाशिकला येणं म्हणजे दिवस मोडणं, मजुरी बुडणं आणि सोबत कोणीतरी आणणं. ज्याला येणं इतकं जड जातं, त्याचा उपचार रोजच्या त्याच्या हातावर सोडायचा आणि वर त्यालाच बेफिकीर म्हणायचं, हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

एवढं मात्र त्या डॉक्टरांचं खरं, की एसएलटीचा परिणाम काही वर्षांत ओसरतो आणि ओसरताना दुखत नाही, लाल होत नाही, काही कळत नाही. म्हणून लेझरनंतरची तारीख कागदावर लिहून घ्या आणि ती पाळायची जबाबदारी वडिलांवर टाकू नका, तुमच्याकडे ठेवा.

एसएलटीत भरती व्हावं लागत नाही. आधी दाब उसळू नये म्हणून एक थेंब आणि बधिरतेचा एक थेंब टाकतात, मग हनुवटी मशीनवर टेकवून डोळ्याला लेन्स लावतात. एका डोळ्याला साधारण १०० ठिणग्या, पाच-दहा मिनिटं. तासाभराने दाब परत मोजतात, त्याआधी निघू नका. दोन-चार दिवस किंचित लाली राहते. खरा परिणाम सहा ते आठ आठवड्यांनी कळतो, तोवर चालू थेंब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. चौकशीचा फोन करताना ‘लेझर आहे का’ असं विचारू नका. ‘हो’ म्हणतील आणि ते पीआयचं याग मशीन निघेल. ‘एसएलटी आहे का’ असंच विचारा.

मुंबईला न्यायचं तर दुसरं मत घ्यायला एकदा न्या, फाइल सोबत घेऊन. पण दर वेळी वेगळीकडे जाऊ नका. एका कंपनीच्या मशीनवरचा नसेचा स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनशी ताडून बघता येत नाही, आणि काचबिंदूत सगळं कळतं ते मागच्या कागदाशी ताडूनच. फील्ड टेस्टचंही तेच. पहिली टेस्ट बहुतेकांची खराब येते, तिच्यावरून घाबरू नका. एसटीतून उतरून उपाशीपोटी थेट मशीनवर बसवू नका, चहा-नाश्ता होऊ द्या. आधीच सांगून ठेवा की निम्मे दिवे दिसणारच नाहीत, मशीन मुद्दाम दिसेल-न दिसेल इतका मंद दिवा लावतं. हे माहीत नसलेला माणूस घाबरून अंदाजाने बटण दाबत सुटतो आणि टेस्ट वाया जाते.

काही गोष्टी वर सांगायला हव्या होत्या. लाइट चाचणीतले रुग्ण बहुतेक सुरुवातीच्या टप्प्यातले होते. वडिलांचं फील्ड मध्यापर्यंत खाल्लं गेलं असेल तर माझं ‘लेझर आधी’ त्यांना लागू नाही. तिथे डॉक्टर आधीच ऑपरेशन सुचवतील तर दचकू नका. २०२१च्या टॅग्ज चाचणीत पुढे गेलेल्या काचबिंदूत दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचा दाब सरासरी १२ च्या आसपास होता, औषधवाल्यांचा १५. वडिलांना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉल लिहिण्याआधी डॉक्टरांना सांगा, थेंब डोळ्याचा असला तरी छातीपर्यंत पोचतो. आणि बागेतली फवारणी किंवा धूळ याने डोळे चुरचुरतात म्हणून मेडिकलवरून ‘लालीचा थेंब’ आणत असतील तर त्यात स्टिरॉइड आहे का बघा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन अशी नावं असतात. काही लोकांत त्यानेच दाब चढतो, मग काचबिंदूचा थेंब एकीकडे आणि हा एकीकडे.

तुमचं वय लिहिलेलं नाही. चाळिशी ओलांडली असेल तर तुम्ही आणि तुमची भावंडंही तपासून घ्या, सख्ख्या नात्यात धोका कित्येक पटींनी जास्त असतो. नुसता दाब मोजून ‘नॉर्मल आहे’ म्हणून उठू नका, दाब २१च्या आत असूनही काचबिंदू असतो, नस बघायला सांगा. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत काचबिंदू असलेल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. चष्म्याच्या आणि मोतीबिंदूच्या शिबिरात तो सहसा सापडत नाही, कारण तिथे तो कोणी शोधत नाही. नस बघायला बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, त्यानंतर चार-पाच तास धूसर दिसतं. त्या दिवशी पेठच्या घाटातून मोटरसायकल स्वतः चालवत परत जाऊ नका.