वाचकांचे प्रश्न : पुस्तक मुलीचे, वाचन वडिलांचे

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी निसर्गातील नवलांची सचित्र पुस्तके आणली, परंतु ती झोपल्यावर मीच ती वाचत बसतो. घरचे हसतात. हे पोरकट आहे का? – एक पालक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. ऑक्टोपसला ३ हृदये असतात आणि तांबेयुक्त प्रथिनामुळे त्याचे रक्त निळे दिसते, हे शाळेत आपल्याला कोणी सांगितले होते? मात्र नुसत्या नवलावर थांबू नका, कारणही शोधा. उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांची पिल्ले जन्मतः करड्या रंगाची असतात आणि शेवाळ व बारीक जलचर यांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये खाण्यातून अंगी उतरल्यावरच त्यांना गुलाबी छटा येते, हे वाचून मुलीला तेथे घेऊन गेलात, तर पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारील. नान्नजचे माळढोक अभयारण्य तर आपल्या शहराजवळच आहे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे माळराने घटल्यावर हा पक्षी किती झपाट्याने दुर्मीळ झाला असेल, हे मुलांनाही सहज उमगते. (तो दिसेलच, असे आश्वासन मात्र देऊ नका.)

पुस्तके निवडताना थोडी चिकित्सा हवी. शहामृग भीतीने वाळूत डोके खुपसते, असे छापणारे पुस्तक खुशाल परत करा. तो पक्षी जमिनीवरील खळग्यातील अंडी चोचीने फिरवत असतो, म्हणून लांबून तसा भास होतो.