मोबाइल शिक्षणाचा अभ्यासगट उभारताना

मोबाइलवरून शिकवण्याच्या विषयावर आफ्रिकेतील शिक्षकांचा अभ्यासगट उभारण्याचे तुम्ही ठरवले असेल, तर सुरुवात साधनापासून नव्हे, शिक्षकांच्या अडचणींपासून करा. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली मेराका या संशोधन संस्थेतून ‘डॉ. मॅथ’ हा उपक्रम सुरू झाला, तेव्हा मुले आधीपासूनच वापरत असलेल्या मिक्सइट या स्वस्त संदेशसेवेवरून विद्यापीठातील विद्यार्थी त्यांना गणिताच्या गृहपाठात मदत करू लागले. नवी उपकरणे वाटावी लागली नाहीत, आणि माझ्या मते त्याचे यश त्यातच होते. केनियातील एनेझा एज्युकेशन या कंपनीनेही साध्या फोनवर एसएमएसने धडे आणि प्रश्न पोहोचवले. म्हणून गटातील चर्चा शक्यतो मजकुरातच ठेवा, कारण व्हिडिओंना लागणाऱ्या डेटाचा खर्च अनेकदा शिक्षकांच्याच खिशातून होतो. पुढे मिक्सइट बंद पडले, हेही ध्यानात असू द्या: अनुभवांच्या नोंदी एकाच कंपनीच्या सेवेत अडकवून ठेवू नयेत.

भाषेचा प्रश्न मात्र नवखे संयोजक हमखास विसरतात. सेनेगलमधील फ्रेंच किंवा मोझांबिकमधील पोर्तुगीज माध्यमाचा शिक्षक इंग्रजी चर्चेत गप्प बसला, तर त्याला उदासीन समजू नका. त्याच देशातील एखाद्या सदस्याकडे दर महिन्याच्या चर्चेचा गोषवारा त्या भाषेत लिहिण्याचे काम सोपवा, आणि शक्य असल्यास त्याचे मानधनही द्या.